बब्रुवानचा लांडगा

बाहत्तरच्या दुष्काळात रेशनला मिलो आला. तांबडी, बारीक, परदेशी ज्वारी. तिची भाकरी तव्यावर पडली की घरभर जो वास सुटायचा, तो बब्रुवान ओव्हाळ शेवटपर्यंत विसरला नाही. ओल्या पोत्याचा, किड्यांचा आणि कसल्यातरी औषधाचा मिळून एकच वास. त्याची बायको जाईबाई पीठ चाळायला बसली की चाळणीत पोरकिडे वळवळायचे. ती चिमटीनं उचलून बाजूला टाकायची आणि म्हणायची, "डोळं झाकून खावा." तो डोळे झाकायचा. पण नाकाचं काय करणार?

नवराबायको दोघंही ईट गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर होती. जाईबाई टोपली वाहायची, बब्रुवान घण घालून दगड फोडायचा. रुंद छातीचा, कमी बोलणारा माणूस. तरुणपणी त्याला कुस्तीचा नाद होता. चुलत्याबरोबर ओढ्याच्या वाळूत मेहनत करून त्यानं अंग कमावलं होतं. जत्रेच्या फडात तो दरसाल लंगोट लावून उतरायचा, आणि दरसाल पंच इकडंतिकडं बघून म्हणायचे, "जोड न्हाय." जोड तर समोरच मांडी ठोकत उभे असायचे. ओव्हाळाच्या पोराच्या अंगाला अंग लावायला कोणी तयार नसायचं, एवढंच. त्याच्या बापानं छप्पन सालानंतर बौद्ध धर्म घेतला, देव सोडले, गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. गावानं मात्र काहीच सोडलं नव्हतं. शेवटी बब्रुवाननंच फडात जायचं बंद केलं.

तलावाच्या कामावर हजेरी घ्यायला पंचाक्षरी स्वामी होते. गोड गळ्याचे, तोंडात सदा पान, कहाण्या सांगायला लागले की माणसं भाकरी खायची विसरत. दुपारच्या सुट्टीत त्यांनी एक डाव काढला होता, स्वतःच्या डोक्यातून रचलेला. लिंबाखाली एक सपाट दगड होता. त्यावर कोळशानं गड आखलेला: तट, खंदक, एकामागून एक दरवाजे. स्वामी सांगायचे, "आता तुमी पयल्या दरवाज्यापाशी आलाव. आतनं राकुस निगाला. काय करताव?" खेळणाऱ्यानं आपला गडी काय करतो ते सांगायचं आणि कवड्या टाकायच्या. कवड्या कशा पडल्या ते बघून स्वामी ठरवायचे, घाव लागला की हुकला. गडी म्हणजे नुसता एक खडा. पण त्या खड्याला नाव होतं, हत्यार होतं, स्वभाव होता. डाव मांडताना प्रत्येकाला सारखेच चिंचोके मिळायचे. ते चार ठिकाणी वाटायचे: बळ, जीव, अक्कल आणि मंत्र. बळात जास्त टाकले की मंत्रात उणे पडायचे. तिथंच खरी गंमत होती.

खेळणारे दोघं. एक व्यंकट, मोठ्या जमीनदाराचा मुलगा. विहिरी आटल्या म्हणून तोही कामावर आला होता, पण घण त्यानं क्वचितच उचलला. दुसरा रामकिसन, व्यंकट म्हणेल त्याला मान हलवणारा. तिसरा होता तो गुरं घेऊन छावणीवर निघून गेला, आणि डाव अडला. बब्रुवान रोज थोडं लांब बसून ऐकायचा, हे स्वामींनी हेरलं होतं.

"बस रं," ते म्हणाले. "पर कवड्या तुज्या तू आन."

बब्रुवाननं कवड्या आणल्या. आईच्या जुन्या माळेतल्या. बापानं देव सोडल्यापासून त्या कोनाड्यात धूळ खात पडल्या होत्या.

आता गडी घडवायचा होता. व्यंकटचा गडी तलवारवाला होता, सगळे चिंचोके बळात. रामकिसनचा तिरंदाज, मागं उभा राहून बाण सोडणारा. स्वामी म्हणाले, "एक मांत्रिक पायजे. त्यानं मागं ऱ्हायाचं आन लांबून मंत्र टाकायचा. मांत्रिकाचा जीव एवढुसा असतो, पुढं गेला की मेला."

दोन दिवस दगड फोडताना बब्रुवानचं डोकं तिथंच होतं. संध्याकाळी त्यानं घरात जमिनीवर चिंचोके मांडले, मोडले, पुन्हा मांडले.

"काय चाललंय हे?" जाईबाईनं विचारलं.

"मांत्रिक करायलाव. पर लांबून मारनारा न्हाय. अंगावर जानारा."

"का? लांबून मरत आसल तर जवळ कशाला जावं?"

बब्रुवाननं मान वर केली. "लांबून लई झालं, जाई. म्या आख्खी जिनगानी लांबूनच बगितली. मपला गडी भिडनार. समोरच्याला त्याच्या अंगाला अंग लावाच लागल."

जाईबाईनं एक चिंचोका उचलला. "पर मांत्रिकात जीव नसतो म्हनलाव ना?"

"म्हनून तर त्यो रूप बदलनार. लांडगा हुनार. लांडग्याचं बळ येगळं, चामडं जाड. रूप घ्यायला एक चिंचोका जळतो, तेवढा जळू दे."

ती विचारात पडली आणि मग हसली. "आवो, लांडग्याला बोलता येत न्हाय. मग मंतर कोन म्हननार?"

बब्रुवानचा हात थांबला. ही खोच त्याच्या ध्यानातच आली नव्हती. माणूस असताना मंत्र आहे पण ताकद नाही, जनावर असताना ताकद आहे पण जीभ नाही. गडी दोन तुकड्यांत मोडला होता. तो चिंचोक्यांकडं बघत बसला. जाईबाई उठून भाकरी करायला गेली, आणि तिथूनच म्हणाली, "इंचू कुटं मंतर म्हनतो? इख आधीच नांगीत असतंय. नुसतं टेकवायचं."

तो एकदम ताठ बसला. मंत्र आधी म्हणायचा, माणूस असतानाच. म्हणून नखात भरून ठेवायचा. मग रूप बदलायचं, झेप घ्यायची, आणि नख लागलं की मंत्र सुटला. बोलायची गरजच नाही. त्यानं चिंचोके वाटले: सगळ्यात जास्त जीव, त्याखालोखाल मंत्र, थोडं बळ, आणि अक्कल नावापुरती. "अक्कल तू दिलीस," तो बायकोला म्हणाला. त्या उन्हाळ्यात तो इतका मोकळा हसलेला तिनं पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वामींना सगळं समजावून सांगितलं. स्वामींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि कबूल केलं की गडी नियमात बसतो. "बेनं हुशार हाय," ते व्यंकटला म्हणाले. बब्रुवान समोर बसलेला असताना.

आणि गडी चालला! पहिल्या दरवाज्यावरचा राक्षस लांडग्यानं एकट्यानं लोळवला. दुसऱ्या दरवाज्यावर तर कामावरची निम्मी माणसं डाव बघायला गोळा झाली. व्यंकटचा तलवारवाला घायाळ होऊन खंदकात पडला होता. कवड्या एकामागून एक पालथ्या पडत होत्या, त्याचा जीव शेवटच्या चिंचोक्यावर आला होता. बब्रुवान म्हणाला, "मपला लांडगा पान्यात उडी मारतो. त्याला पाठीवर घेऊन काठाला आनतो." कवड्या टाकल्या. सगळ्या उताण्या! बघणारे ओरडले. स्वामींनी दोन्ही खडे उचलून एकमेकांना टेकवून काठावर ठेवले.

व्यंकट हसला नाही. त्यानं दोन बोटांनी आपला खडा उचलला, उठला, वरच्या जातीच्या माणसांसाठी ठेवलेल्या माठापाशी गेला, आणि तांब्याभर पाणी काढून तो खडा धुतला. घासून घासून धुतला. टँकर तीन दिवसांनी यायचा. बायका टोपल्या टाकून पोरांच्या ओठांना ओला पदर लावायच्या. त्या पाण्यानं त्यानं दगडाचा खडा धुतला आणि पाणी जमिनीवर ओतून दिलं.

रामकिसन नाकातल्या नाकात हसला. स्वामी म्हणाले, "चला, पुडं. तिसरा दरवाजा."

बब्रुवानच्या तोंडात मिलोची चव आली. तरी तो बसून राहिला. हे त्यानं नंतर जाईबाईला सांगितलं, आणि सांगताना त्याला स्वतःचीही शिसारी आली. "डाव लई ग्वाड लागला हुता गं. उटवलंच न्हाय."

त्याच आठवड्यात व्यंकटचा बैल मेला. चाऱ्यावाचून हाडाडलेला, खिल्लारी. मेला तो नेमका कामाच्या वाटेवर, बांधाच्या कडेला. गावातली दोन-तीन माणसं संध्याकाळी बौद्ध वस्तीत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "दोर घेऊन या. ओढून टाका."

वस्तीतली कोंडाबाई, सगळ्यांत वयस्कर, घराच्या उंबऱ्यातून म्हणाली, "आमी ते काम सोडून लई सालं झाली. ज्याचा बैल त्यानं ओढावा."

माणसं शिव्या देत गेली. बैल तिथंच राहिला. दोन दिवसांत त्याचं पोट फुगलं, डोळ्यांच्या खोबणीत माश्या भरल्या, कातडी एका जागी फुटून काळं पाणी वाहू लागलं. येणारी-जाणारी माणसं नाकाला पटका लावून वळसा घालत. पण हात कोणी लावेना. नाक जळालं तरी चालेल, हात बाटता कामा नये.

तिसऱ्या दिवशी दुपारी डाव बसला. बब्रुवाननं नेहमीप्रमाणं लांडग्याचं रूप मागितलं. स्वामींनी व्यंकटकडं पाहिलं, आणि बब्रुवानला कळलं की हे आधीच ठरलेलं आहे.

"आजपासून नियम बदलला," स्वामी म्हणाले. "रूप मागून मिळत न्हाय. मंत्र देईल ते रूप. टाक कवड्या."

त्यानं टाकल्या. स्वामींनी त्या नीट बघितल्याही नाहीत. "तरस झाला!" ते म्हणाले.

रामकिसन फिस्सकन हसला.

"आन बगा," स्वामी त्याच गोड आवाजात पुढं सांगू लागले, "तिसऱ्या दरवाज्यात येक मेलेला बैल आडवा पडलाय. लई दिवसांचा. त्यो हालल्याबिगर वाट मोकळी हुत न्हाय. तलवारीचं ते काम न्हाय, बाणाचं न्हाय. ते काम तरसाचंच. आता तुजा तरस काय करतो ते सांग, बब्रुवान."

व्यंकट गुडघ्यावर कोपर टेकून वाट बघत होता. वाऱ्याबरोबर बांधावरचा खरा वास येत होता.

बब्रुवान हळूच म्हणाला, "स्वामी, तुमी डाव सांगायलाव का हुकूम द्यायलाव?"

"आरं, खेळ हाय. मनाला कशाला लावून घेतोस?"

"मपला गडी लांडगा हाय."

"नियमानं तरस हाय."

बब्रुवान उठला. आईच्या कवड्या त्यानं एकेक करून उचलल्या आणि कनवटीला लावल्या. मग तो खाली वाकून त्या दगडावर थुंकला, बरोबर गडाच्या मधोमध. कोणाला काही समजायच्या आत त्यानं शेजारचा घण उचलला. स्वामी घाईनं मागं सरकले. पहिल्या घावाला दगडाचे दोन तुकडे झाले, दुसऱ्याला चार. मग तो थांबलाच नाही. रोज फोडायचा तशीच, त्याच मापाची खडी त्यानं त्या गडाची केली. तट, खंदक, दरवाजे, सगळं. टोपल्यात भरली आणि आपल्या ढिगावर नेऊन ओतली.

"लिवा हजेरीत," तो म्हणाला.

स्वामींनी त्याचं आणि जाईबाईचं दोघांचंही नाव कामावरून काढलं. कारण सांगितलं की हा माणूस दंगेखोर आहे. दोघांनी चंबूगबाळं आवरलं आणि ती जवळच्याच वाशी गावाच्या बाजूला नालाबंडिंगच्या, म्हणजे ओढ्याला बांध घालायच्या, कामावर गेली. तिथंही मिलोच होता.

मागं काय झालं ते कोंडाबाईनं निरोपानं कळवलं. बैल शेवटी व्यंकट आणि रामकिसनलाच ओढावा लागला. दोघांनी नाकातोंडाला धोतर गुंडाळलं होतं. दोर लावून ओढला तर पायच निखळून हातात आला, आणि व्यंकट बांधावर बसून भडाभडा ओकला. कोंडाबाईनं हे मोठ्या खुशीत सांगून पाठवलं होतं. बब्रुवानला हसू आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं तो निखळलेला पाय आला आणि त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली.

वाशीच्या कामावर जाईबाईनंच डाव पुन्हा मांडायला लावला. गोणपाटावर राखेनं नवा गड आखला. सांगायचं काम तिनं घेतलं, कारण बब्रुवानला सांगण्यापेक्षा भिडण्यातच रस होता. तिच्या हातात ऐन उन्हातही गोष्ट फुलायची. टोपल्या वाहणाऱ्या बाया खेळायला बसू लागल्या. एकीनं घार होणारी जोगतीण केली, एकीनं घोरपड. लांडग्याच्या नखात काय भरायचं यावरून तिथं रोज भांडणं होत, आणि ती भांडणं बब्रुवानला फार आवडत. दुष्काळ सरला, पाऊस पडला, कामं बंद झाली, माणसं आपापल्या गावाला गेली. डावही गेला.

पुढं ऐंशीच्या आसपास त्या भागात एक सहकारी साखर कारखाना उभा राहिला. बब्रुवानला बॉयलिंग हाऊसमध्ये, उसाचा रस उकळतात तिथं, खलाशाचं, म्हणजे यंत्रावरच्या मदतनिसाचं काम लागलं. चांगलं, कायमचं. बाहेर मळीचा नाला वाहायचा, काळा, फेसाळ. कुजलेल्या गुळासारखा त्याचा वास कपड्यांत, केसांत, पांघरुणात बसायचा. जाईबाई म्हणायची, "मिलोपेक्षा बरा." तो म्हणायचा, "त्याच्यापेक्षा समदंच बरं."

कारखान्याच्या संचालकांत व्यंकट होता. आता व्यंकटराव. दुष्काळात विहिरी आटलेला माणूस, पण ऊसतोडीच्या पाळीत त्याचं नाव पहिलं. आधी एका पुढाऱ्याचा माणूस, मग दुसऱ्याचा, मग पहिल्याचाच विरोधक. जिल्हा परिषदेची निवडणूक आली तशी बौद्ध कामगारांची मतं मोजण्यासारखी आहेत हे त्याच्या लक्षात आलं. गळीत हंगामाच्या सुरुवातीला मोळी टाकायच्या समारंभाला मांडव घातला, माईक लावला. पंचाक्षरी स्वामी सूत्रसंचालनाला. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच गोड. व्यंकटरावांनी भाषणात दुष्काळ काढला. "आमी येका झाडाखाली बसून खेळलाव. येका ताटात खाल्लं," ते म्हणाले. "माजा जुना गडी इथंच हाय. बब्रुवान, ये, वर ये!"

बब्रुवान मांडवाच्या कडेला उभा होता. शेजारच्यांनी ढकलत ढकलत त्याला वर नेलं. व्यंकटरावांनी त्याला मिठी मारली. अत्तराचा, तंबाखूचा आणि घामाचा वास. मऊ, गरम अंग, त्याच्या छातीला चिकटून बसलेलं. फोटोवाला म्हणाला, "साहेब, अजून एक," म्हणून ती मिठी सुटेना. बब्रुवानचे हात खाली लोंबत राहिले. जाईबाई समोर बायकांत बसली होती. ती नंतर सांगायची, "सापाच्या येटोळ्यात मानूस सापडावा, तसं त्येंचं त्वांड झालं हुतं."

घरी आल्यावर तो म्हणाला, "जवळ यावं म्हनून म्या किती तरसलो हुतो, जाई. आन आला तर ह्यो असा आला."

तो फोटो मोठा करून कारखान्याच्या कँटीनमध्ये लावला. खाली लिहिलं होतं, "समतेचा आलिंगन-सोहळा." रोज चहा पिताना तो समोर. बब्रुवाननं मॅनेजरला सांगून बघितलं. मॅनेजर म्हणाला, "संचालकांचा फोटो आहे, मला हात लावता येत नाही." मग एके दिवशी चहाच्या सुट्टीत, सगळे बसलेले असताना, तो बाकावर चढला आणि फोटो खिळ्यावरून काढला. काखेत धरून तो सरळ संचालकांच्या खोलीत गेला. व्यंकटराव दोन माणसांशी बोलत होते.

"ह्यो तुमचा," बब्रुवान म्हणाला, आणि फोटो टेबलावर पालथा ठेवला.

"का रं? काय झालं?"

"ह्यातला येक मानूस तुमी हाव. दुसरा म्या न्हाय."

"बब्रुवान, आरं तवाचं जाऊ दे की. पोरकटपना हुता."

"तवाचं म्या कवाच सोडलं," बब्रुवान म्हणाला. "ह्ये आत्ताचं हाय."

दोन माणसांपैकी एकानं खाली मान घातली. आठवडाभरात बब्रुवानची बदली बगॅसच्या यार्डात झाली. गाळून उरलेला उसाचा भुसा डोंगराएवढा पडलेला असायचा, तो उन्हात ओढायचा, रचायचा. भुशाची बारीक कुसळं डोळ्यांत, घशात जायची. त्याला खोकला लागला तो कायमचाच. पण बदली रद्द करा म्हणून तो कोणाकडं गेला नाही.

व्यंकटराव निवडून आले, भरघोस मतांनी. वस्तीतलीही पुष्कळ मतं त्यांना पडली होती. हे कळलं त्या दिवशी बब्रुवान यार्डात भुशाच्या ढिगावर नुसता बसून होता. जाईबाई दुपारची भाकरी घेऊन आली तेव्हा त्यानं सगळ्यांनाच शिव्या घातल्या: व्यंकटला, स्वामीला, वस्तीला, कारखान्याला. ती ऐकत राहिली. खोकल्याची उबळ येऊन तो थांबला तेव्हा तिनं फडक्याची गाठ सोडली, कांदा फोडला आणि म्हणाली, "खावा आता. चांगल्या जवारीची हाय."